वळव म्हणजे दोन

ताईचा फोन आला तेव्हा ती खुशीत होती, आणि नेमकी तिथूनच त्याची चैन गेली.

"अरे, मशीनला बसवलेलं हे नवं कार्ड भलतंच शहाणं आहे," ती म्हणाली. "मागच्या झडपा आपल्या आपण उघडतात, थोड्या वेळानं आपल्या आपण मिटतात. मला हात म्हणून लावावा लागत नाही. तुझे दाजी असते तर समोर खुर्ची टाकून बघत बसले असते."

"ऊब नीट आहे ना?"

"काटा जिथल्या तिथं आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

झालं तर म्हणाला खरा, पण काही झालं नव्हतं. चपलेत बारीक खडा जावा, चप्पल झटकावी, पुन्हा घालावी आणि दोन पावलांवर तो खडा पुन्हा बोलावा, तसं काहीतरी ताईच्या बोलण्यात होतं. काय होतं ते सापडेना. तो टेबलाशी बसला, पेन सरळ केलं, पेनाच्या रेषेत चष्म्याची डबी ठेवली, उठला, खिडकी लावली, खिडकी उघडली, पुन्हा बसला. खालच्या काचेच्या दुकानात कुणीतरी तावदान कापत होतं. ती किरकिर ऑफिसच्या वरच्या दोन खोल्यांत रोजचीच. आज मात्र ती त्याच्या दातांत शिरली.

ऑफिसात त्याला सगळे पट्टी म्हणत. हे नाव ऑफिसनं दिलेलं नव्हतं, ते दाजींनी दिलेलं. फार जुनी गोष्ट आहे. आई सारखी अंथरुणाला खिळलेली असायची, म्हणून त्याला न्हाऊमाखू घातलं ते ताईनं. ताईचं लग्न झालं आणि पहिल्याच सुट्टीत हा तिच्या घरी राहायला गेला, तो जवळजवळ तिथलाच झाला. दाजींचं अंडी उबवण्याचं केंद्र होतं, पत्र्याच्या छपराचं, लांबट. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी या पोरानं काय करावं, तर अंड्यांच्या ताटांमधली सगळी अंडी निमुळतं टोक एकाच दिशेला करून लावून ठेवली. दाजींनी ते पाहिलं आणि ताईला हाक मारून म्हणाले, "तुझा भाऊ माणूस नाही गं, पट्टी आहे. याच्याजवळ वाकडं उभं राहायची सोय नाही."

ते नाव चिकटलं आणि नावासारखाच तो वाढला. आज चाळिशी ओलांडली तरी त्याच्या भाड्याच्या खोलीत डब्यांची झाकणं एकाच बाजूला तोंड करून असतात, टॉवेलाची दोन्ही टोकं समान लोंबतात. लग्नाचं दोनदा ठरत आलं आणि दोनदा फिसकटलं. ताई म्हणायची, "बायको म्हणजे काय कपाट आहे का, एकदा लावलं की तसंच राहायला?"

संगणक त्यानं पहिल्यांदा पाहिला तो दाजींकडेच. बंद पडलेल्या कुठल्याशा कचेरीतून दाजींनी तो उचलून आणला होता. दाजी काही शिकलेले नव्हते. पण बंद वस्तू उघडून बघण्याची त्यांना जन्माची खोड, आणि उघडलेली वस्तू परत मिटताना ती चालू झालेली असे. पुस्तक मांडीवर घेऊन, एका बोटानं कळा दाबत, त्यांनी प्रोग्राम लिहायला सुरुवात केली आणि शेजारी स्टुलावर बसलेला पट्टी ते बघत बघत शिकला. पुढे तो शहरात गेला, रीतसर शिकला, या कंपनीत लागला. मग व्हायचं तेच झालं. ज्याच्या मांडीशी बसून शिकला त्याचंच काम त्याला गबाळं दिसू लागलं. दाजींचा प्रोग्राम म्हणजे दाजींचा खिसा होता. त्यात सुतळी असे, खिळा असे, खोडरबराचा तुकडा असे आणि वेळेला नेमकं हवं ते असे. पण उलटा करून दाखवण्याजोगा तो खिसा नव्हता.

कंपनीचा माल एकच. गिऱ्हाइकं आपापले प्रोग्राम लिहीत. कुणी अंडी उबवणारं, कुणी फळं वाळवणारं, कुणी अळिंबी वाढवणारं. यंत्राशी बोलायचं किचकट काम मात्र ती या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या एका बंद तुकड्यावर सोपवत. त्याला कॉम्पोनंट म्हणायचं, आणि ऑफिसात नुसतं 'भाग' म्हणायचं. भागाच्या आत काय चालतं ते कुणी बघायचं नाही. बाहेर एक खिडकी असते, तिला इंटरफेस म्हणतात. तिकीट काढायच्या खिडकीवर जशी गावांच्या नावांची पाटी असते, तशी या खिडकीवर आज्ञांची पाटी. बंद, गरम, वळव, दमट, गार. प्रत्येक नावामागे एक ठरलेला अंक. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे गरम, दोन म्हणजे वळव, तीन दमट, चार गार. वळव म्हणजे अंड्यांची ताटं या कुशीवरून त्या कुशीवर कलवायची. दमट म्हणजे आत पाण्याचं बारीक धुकं सोडायचं. बाहेरच्यांनी नाव घ्यावं, अंकाची काळजी भागानं करावी, असा सगळा कारभार.

हा भाग पहिल्यांदा तयार झाला तेव्हा त्याचं पहिलं गिऱ्हाईक दाजी. पट्टी मोठ्या अभिमानानं तो घेऊन गेला. बघतो तर दाजींनी आपल्या प्रोग्रामात सगळीकडे नुसते अंकच लिहिलेले.

"दाजी, हे दोन काय दोन? नाव लिहा ना. वळव लिहा."

"अरे, दोन लिहिलं की ताट वळतं. मग झालं की."

"आज वळतं. उद्या मी आतले अंक बदलले तर?"

दाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि मी वळव लिहिलं, आणि उद्या तू अंक बदललेस, तर माझं वळव वळवच राहील?"

"राहील. त्यासाठीच तर नावं बाहेर ठेवली आहेत."

"नक्की?"

"नक्की. निर्धास्त राहा."

दाजी निर्धास्त राहिले. त्यांनी दुपारभर बसून, एका बोटानं, एकेक अंक पुसला आणि तिथं नाव लिहिलं. मेहुण्याचा शब्द म्हणून लिहिलं. नंतर त्यांचं काळीज एका सकाळी अंगणात चालता चालता थांबलं. पण त्यांचा प्रोग्राम थांबला नाही. ताईच्या केंद्रातली अंडी अजून त्यांच्याच प्रोग्रामावर उबत होती. पट्टीनं कितीदा म्हटलं, मी नवा लिहून देतो. ताई म्हणायची, "चालतंय ना? मग त्यांचं त्यांना करू दे."

गेल्या आठवड्यात काय झालं, तर ताईच्या मशीनमधलं नियंत्रणाचं कार्ड जळालं. मिस्त्रीनं नवं कार्ड बसवलं आणि त्याच्याबरोबर हवेच्या झडपाही. जुन्या भागाला नव्या कार्डाची भाषा कळेना. सुदैवानं त्या कार्डासाठी भागाची नवी आवृत्ती पट्टीच्या हाताखाली तयारच होती. तिच्यात एक आज्ञा वाढली होती, झडप. ती यादीत शेवटी टाकली असती तर काम भागलं असतं. पण पट्टीला ते बघवेना. गरम केल्यावर मोकळी हवा द्यायची, मग वळवायचं, मग दमट, शेवटी गार, हा उबवणीचा क्रम. झडप गारच्या खाली लोंबकळत ठेवायची म्हणजे पाहुण्याला दाराबाहेर पायपुसण्यावर बसवण्यासारखं. त्यानं ती गरमच्या खाली सारली. मागचे सगळे एकेक पायरी खाली उतरले. यादी अशी देखणी दिसली की तो कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला.

कंपनीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनाही ती आवडली. त्यांनी ती माहितीपत्रकात छापून घेतली. नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून मिस्त्रीच्या हाती ताईकडे गेली. केंद्रातल्या संगणकाला बाहेरचं वारं लागू द्यायचं नाही हा दाजींचा दंडक, आणि ताई तो अजून पाळत होती.

फोन येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी ऑफिसात आला तो पेंगुळलेला. रात्री झोप अशी लागलीच नव्हती. पलीकडच्या टेबलावर शंका बसली होती. तिचं काम भाग तपासण्याचं. तिचं प्रत्येक वाक्य 'पण समजा'नं सुरू होई म्हणून हे नाव. पट्टीपेक्षा पुष्कळ लहान, आणि त्याला मुळीच न भिणारी.

"काय पट्टीराव, आज शर्टाचं बटण एक घर चुकलंय," ती म्हणाली. "जग बुडणार बहुतेक."

त्यानं खाली पाहिलं. खरंच चुकलं होतं. त्यानं ते तसंच राहू दिलं आणि तेव्हा शंकाला वाटलं की काहीतरी खरोखरच बिनसलंय.

"ताईकडच्या झडपा आपोआप उघडतायत," तो म्हणाला.

"मग? झडपांसाठीच तर आवृत्ती काढली."

"हो. पण उघडायला सांगतंय कोण?"

"तिचा प्रोग्राम."

"तो दाजींचा प्रोग्राम आहे. दाजी गेले तेव्हा झडप जन्माला आली नव्हती. जी गोष्ट त्यांना माहीतच नाही ती ते कशी मागतील?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं की खडा हाच होता. शंकानं हातातला कप खाली ठेवला.

"पण समजा," ती हळू म्हणाली, "ते झडप मागतच नसतील. दुसरंच काही मागत असतील."

"तू सगळं तपासलं होतंस ना?"

"एकूणएक. गिऱ्हाइकांचे जेवढे प्रोग्राम आपल्याकडे नमुन्याला आहेत तेवढे सगळे."

"नव्यानं बांधून?"

"मग काय? नवा भाग आला की सगळं नव्यानं बांधूनच तपासायचं. नियम तुमचाच आहे."

तो नियम त्याचाच होता, कारण जुनं-नवं एकत्र ठेवणं त्याला गलिच्छ वाटे. आणि तिथंच सगळं लपलं होतं. नावं माणसांसाठी असतात. प्रोग्राम बांधला, म्हणजे माणसाच्या लिहिण्यातून यंत्राच्या बोलीत उतरवला, की नाव गळून पडतं आणि मागं उरतो तो त्या दिवशीचा अंक. नव्यानं बांधा, नावाला नवा अंक मिळेल. नाही बांधला, तर तो जुनाच अंक पोटाशी धरून चालत राहील. दाजींनी नाव लिहिलं होतं, वळव. पण त्यांच्या बांधलेल्या प्रोग्रामाच्या पोटात होता दोन. आणि दोन आता वळव नव्हता. दोन आता झडप होता.

तो बोटांवर मोजू लागला. वळव म्हणायचं तर झडप उघडते. गरमचा एक जागचा हलला नाही म्हणून ऊब बरोबर, म्हणून कुणाला संशय नाही. आणि दमट म्हणायचं तर...

फोन वाजला. ताईच होती. आज ती खुशीत नव्हती.

"अरे, ताटं हलतायत."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? मशीनमधली. अंडी फुटायला आलीत, पिल्लांनी आत तोंडं फिरवून घेतलीत, आता अंडं जागचं हलवायचं नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि हे मशीन मिनिटामिनिटाला त्यांना झोके देतंय. धुकं मात्र थेंबभर सोडत नाही. कवचं कोरडी पडली तर पिल्लं आतच चिकटून मरतील."

तीन. दमट होतं तिथं आता वळव. उबवणीच्या शेवटी दाजींचा प्रोग्राम सारखं दमट, दमट म्हणत असणार. आणि भाग दर वेळी ताटं कलवत असणार, मोठ्या आज्ञाधारकपणे.

"ताई, ताटांच्या मोटारीचा पट्टा काढ आधी."

"तो मी कधीच काढला. तुला विचारायला थांबले असते तर झालंच होतं."

"आणि पाणी?"

"हातफवाऱ्यानं मारतेय. पण मारायला दार उघडावं लागतं, आणि उघडलं की आतली ऊब बाहेर येते. असं किती वेळ करू? आतून धुकं यायला हवं."

"मी निघालो," तो म्हणाला.

बस अशी चालली होती की उतरून ढकलावी. तो खिडकीशी बसला, मग मधल्या सीटवर बसला, मग उभाच राहिला. लॅपटॉपची पिशवी छातीशी धरली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्यात कुणी आहे का हो?" तो म्हणाला, "हो, म्हणजे नाही." बाईनं त्याच्या चुकलेल्या बटणाकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

मनात त्यानं एक बेत पक्का केला. यादीला हात लावायची गरज नाही. दाजींनी लिहिलेला मूळ प्रोग्राम ताईकडे असेलच. तो घ्यायचा, नव्या भागाबरोबर तिथंच नव्यानं बांधायचा. नावं सगळी जागच्या जागी आहेत. वळवला नवा अंक मिळेल, दमटला नवा मिळेल आणि दाजींना दिलेला शब्दही खरा होईल. या विचारानं त्याला जरा धीर आला. तो धीर थांब्यापर्यंत टिकला.

केंद्रात पाय ठेवला आणि तो ओळखीचा वास अंगावर आला, उबेचा, पिसांचा, ओल्या लाकडाचा. ताई मशीनच्या दाराशी फवारा घेऊन उभी होती. केस कपाळाला चिकटलेले, पदर खोचलेला. तिनं दार बोटभर उघडलं, दोन फवारे आत मारले, झटकन लावलं. मोटारीचा काढलेला पट्टा तिच्या खांद्यावर माळेसारखा होता. मोटार मात्र रिकामीच अधूनमधून घरघरत होती. कुणीतरी तिला अजून सांगत होतं, वळव, वळव. म्हणजे सांगणारा दमट म्हणत होता, आणि तिला ऐकू जात होतं वळव.

"दाजींचा मूळ प्रोग्राम कुठंय?" त्यानं विचारलं. "लिहिलेला. त्यांच्या जुन्या संगणकावरचा."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मागच्या खोलीकडे बोट केलं.

तो आत गेला. दाजींची कामाची खोली. भिंतीवर हत्यारांच्या खुणा होत्या, हत्यारं नव्हती. टेबल पुसलेलं, मोकळं. कोपऱ्यात कोंबड्यांच्या खाद्याची पोती एकावर एक, कडेला कड लावून. ती पोती त्यानंच तशी लावली होती. दाजी गेल्यावर तो आठवडाभर राहिला होता आणि दुःखातल्या माणसाला काहीतरी करायला लागतं म्हणून त्यानं ही खोली आवरली होती. तारा, उघडे रेडिओ, तो पिवळा पडलेला संगणक. सगळं हातगाडीवर घालून त्यानंच भंगारात दिलं होतं.

ताई मागे दारात येऊन उभी राहिली. "तूच म्हणाला होतास ना," ती म्हणाली, "खोली मोकळी कर, मोकळं वाटेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मोकळं वाटलं का?" त्यानं विचारलं.

"पोती ठेवायला बरी पडते." ती वळली. "मला फवारायचंय. तुला काय करायचं ते लवकर कर."

तो टेबलाशी बसला आणि उठला. खोलीत फिरायला जागा भरपूर होती. म्हणजे दाजींचं लिहिलेलं आता कुठंच नाही. उरलाय तो बांधलेला प्रोग्राम, बाहेर मशीनशेजारच्या संगणकात, पोटात जुने अंक घेऊन. त्याला पुन्हा शिकवता येणार नाही. तो दोन म्हणेल, आणि दोन म्हणजे वळव असंच समजेल, जगाच्या अंतापर्यंत. तो बदलणार नाही, तर मग कुणी बदलायचं? उत्तर समोर होतं, ते नको म्हणूनच तो फेऱ्या मारत होता.

त्यानं मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेणाऱ्या बाई, पण शेवटी म्हणाल्या, "मग तुझ्या ताईपुरती वेगळी आवृत्ती काढ. जुन्या अंकांची. विषय संपला."

"मॅडम, असे आणखी किती असतील ज्यांनी आपला प्रोग्राम नव्यानं बांधला नाही? आपल्याला माहीत तरी आहे का?"

"आणि ज्यांनी बांधलाय? ते अळिंबीवाले? त्यांनी परवाच सगळं नव्या अंकांवर बांधून घेतलंय. तू यादी परत फिरवलीस की त्यांचं उलटंपालटं होणार. शिवाय मी छापून घेतलंय ते वेगळंच. लोक हसतील."

"त्यांना मी स्वतः फोन करतो. पुन्हा बांधा म्हणून सांगतो. ते शिव्या देतील, पण फोन उचलतील." त्यानं मोकळ्या टेबलाकडे पाहिलं. "दाजींना कुठं फोन लावू?"

खालच्या काचेच्या दुकानातली किरकिर तेवढी फोनमधून ऐकू येत होती.

"शिव्या तू खायच्या," मॅडम म्हणाल्या.

"खातो."

"आणि छापलेली पत्रकं?"

"त्यांवर एकेक ओळ हातानं दुरुस्त करीन."

"तुझ्या अक्षरात? मग छापलेलीच वाटतील," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. 

त्यानं अळिंबीवाल्याला फोन लावला. तो भला माणूस होता. त्याच्या शिव्या लांब होत्या, पण त्यांत आईबापांचा उल्लेख नव्हता. मग पट्टीनं लॅपटॉप उघडला. यादी समोर आली, बंद, गरम, झडप, वळव, दमट, गार. अजूनही देखणी होती. मशीनकडून फवाऱ्याची फुसफूस आली, दार लागल्याचा आवाज आला. त्यानं झडप उचलली आणि गारच्या खाली, सगळ्यांत शेवटी ठेवली. पाचवी. मग नशिबावर काही सोडायचं नाही म्हणून प्रत्येक नावापुढं त्याचा अंक हातानं लिहिला. वळव म्हणजे दोन. दमट म्हणजे तीन. आजवर त्यानं हे अंक कधी लिहिले नव्हते. नुसता क्रम लावायचा, यंत्र आपोआप मोजतं, यातच त्याला सौंदर्य वाटे. आता वर एक ओळ लिहिली, की हे अंक बाहेर गेलेले आहेत, ते आता आपले नाहीत, नवं काही आलं तर खाली जोडावं, मधे घुसवू नये.

भाग बांधला. बांधताना त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. केंद्रातल्या संगणकात तो घातला. मग दोघं भाऊबहीण मशीनच्या काचेशी उभी राहिली.

काही झालं नाही.

"काय झालं?" ताई म्हणाली.

"थांब. तो मागेल तेव्हा होईल."

"आणि मागितलंच नाही तर?"

"दाजी मागतील," तो म्हणाला. बोलल्यावर दोघंही एकमेकांकडे न बघता काचेकडेच बघत राहिली.

मोटार घरघरली नाही. झडप हलली नाही. आणि मग आतल्या नळीच्या तोंडाशी एक फुसकारा झाला, पांढरं बारीक धुकं ताटांवर पसरलं आणि काच आतून धुरकट झाली. ताईनं फवारा खाली ठेवला. हात झटकले. ते इतके आखडले होते की बोटं सरळ होईनात.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता काही नाही. आता त्यांचं त्यांना करू दे."

पण त्याला काही न करणं जमेना. तो मशीनभोवती फिरला. काचेला कान लावला. आतून काही ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं आणि ते त्याच्याच कानातलं होतं. ताई स्टुलावर टेकली, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "बस की रे जरा. तुझ्या चकरांनीच ती आत घाबरतील."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पहिल्या ताटात एका कवचाला चीर दिसली. मग दुसऱ्या. मग वरच्या ताटातून एक ओलं, चिडलेलं पिल्लू बाहेर पडलं आणि शेजारच्या अंड्यावर चढून बसलं. दुपारपर्यंत मशीन किलबिलाटानं भरलं. सगळंच भरलं नाही. खालच्या दोन ताटांतली पुष्कळ अंडी तशीच राहिली, काहींना चीर पडून थांबलेली. तिथं सगळ्यांत कोरडं पडलं होतं. ताईनं ती एकेक उचलून दिव्यावर धरली, कानाशी हलवली आणि बादलीत ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. पट्टी बादली धरून उभा होता. प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत होता की ती काही बोलेल. ती पुढचं अंडं उचलत होती. बादली भरल्यावर एवढंच म्हणाली, "वाया गेलीच तर वर्षातून एकदा जातात एवढी. चल, हात धू."

निघताना त्यानं विचारलं, "नवा प्रोग्राम लिहून देऊ का?"

"कशाला? आता चालतोय ना?"

"चालतोय."

"मग," ताई म्हणाली, आणि तिनं त्याच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

आता पुढं सांगायचं ते थोडं. शंकानं एका जुन्या संगणकावर जुने, कधी न बांधायचे प्रोग्राम ठेवले आणि त्याच्यावर चिठ्ठी लावली, 'हे बांधू नये, हे दाजी आहेत.' प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांच्यापुढून जाते. मॅडमची पत्रकं पट्टीनं एकेक करून दुरुस्त केली, आणि ती खरोखरच छापल्यासारखी दिसली.

पण त्याला निवांतपणा असा लाभला नाही. यादी उघडली की झडप गारच्या खाली लोंबकळत असते, तिचं तिथं काही काम नसताना, पायपुसण्यावर बसवलेल्या पाहुण्यासारखी. बघितलं की त्याची बोटं शिवशिवतात. खाली कुणीतरी काच कापतं. तो हात उचलतो, यादीपर्यंत नेतो, अंकांकडे बघतो. मग पेन सरळ करतो, चष्म्याची डबी सरळ करतो, खिडकी लावतो, उघडतो.

"हात लावू नका, पट्टीराव," शंका पलीकडून म्हणते, मान वर न करता.

"लावत नाही गं," तो म्हणतो. "नुसतं बघतोय."